चुकेल त्याच्या हातात काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. काठी म्हटल्याबरोबर तुमच्यातल्या दोघातिघांनी हात मागं घेतले, ते मला दिसलं. घ्या खुशाल. कुठला हात कशासाठी मागं जातो, हे बघण्यात माझी अलीकडची वर्षं गेली आहेत, आणि त्याबद्दलच मला बोलायचं आहे. वेळ थोडा आहे. उद्या सकाळी मला न्यायला माणूस येणार आहे. तो मला कुठं नेणार आणि माझं काय करणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

माझा जन्म पेठ वडगावातला. कुणाच्या तरी दाराची चौकट करून सागवानाचा एक तुकडा उरला होता. तो भाऊसो सुतारांच्या दुकानात कोपऱ्यात धूळ खात पडला होता. एक दिवस कालिंदीबाई आल्या. कसबा बावड्यातल्या एका शाळेत त्या शिकवायच्या. त्यांनी सांगितलं, मीटरभर लांब, सरळ, गुळगुळीत काठी हवी.

"छडी म्हणा की सरळ," भाऊसो म्हणाले. "लाजताय कशाला? मास्तरणीला छडी लागतीच."

"मारायचंच असतं तर रस्त्यातनं बाभळीची फांदी तोडून नेली असती. तुमच्याकडं कशाला आले असते? ही मोजायची काठी आहे."

"मोजायला प्लास्टिकची पट्टी मिळती की बाजारात."

"ती उभी राहत नाही. मला हिची सावली पाडायची आहे."

भाऊसोंनी बाईंकडं जरा सांभाळूनच बघितलं. पण कारागीर माणूस. त्यांनी रंधा मारला, पॉलिश केलं, एका अंगाला फूट-इंच आणि दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर आखून दिले, दर दहा सेंटिमीटरला लाल पट्टा ओढला. आणि मला बाईंच्या हातात देताना पुटपुटले, "बाई काय बी म्हणू देत. शेवटाला काठी ती काठीच."

बाई हसल्या. मला मात्र ते वाक्य आवडलं नाही. एखादा पावणा जेवून जातो आणि जाताना दारात काहीतरी वाईट बोलून जातो, तसं ते माझ्या मागं लागलं.

शाळेत पहिल्या दिवशी बाई मला घेऊन वर्गात शिरल्या आणि सगळा वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरची दोन मुलं तर आपोआप उभी राहिली. बाईंनी मला टेबलावर आडवं ठेवलं आणि विचारलं, "ह्या टेबलाची लांबी किती? कुणी उठायचं नाही, हात लावायचा नाही. नुसता अंदाज."

कुणी बोलेना. बरोबर उत्तराची खात्री नसताना तोंड उघडायचं नाही, हे पोरं शाळेत येण्याआधीच शिकून आलेली असतात. तेव्हा बाईंनी त्यांचा नियम सांगितला. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकेल, त्यानं पुढं यायचं, हात पुढं करायचा, आणि काठी त्याच्या हातात. मोजायचा मान त्याचा.

झालं. पोरांना काय, काठी हातात मिळते म्हटल्यावर चुकायला चढाओढ लागली. राजवीर नावाचं एक कार्टं उठून म्हणालं, "बाई, टेबल शंभर फूट!" बाईंनी त्यालाही नियम लावला, पण एक पुरवणी जोडून. नुसतं फेकायचं नाही. तसं का वाटलं ते सांगायचं. राजवीर डोकं खाजवत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे शंभर फुटात आमची गल्लीच येती की. मग टेबल... पाचेक फूट." आणि असं म्हणता म्हणता तो बरोबर उत्तराच्या शेजारी येऊन बसला, आणि काठीचा मान गेला म्हणून नाराजही झाला.

मला त्या वर्गानं कशाकशाला लावलं! ऊस सुरू झाला की पोरं रस्त्यावर पडलेली कांडी घेऊन यायची. बाई म्हणायच्या, चौघांत सारखं वाटा, पण सुरीनं कापायच्या आधी डोळ्यांनी कापा. मग पाव, अर्धा, पाऊण ही सगळी मंडळी पुस्तकातून उठून दाताखाली यायची. मैदानावर माझ्याच मापानं खडूच्या रेघा मारून बेडूकउड्या चालायच्या: दोन-दोनच्या उड्या, तीन-तीनच्या उड्या, आणि दोघं बेडूक नेमके कुठं एकमेकांवर आपटतील ते आधी सांगायचं. आपटले की पाढे पाठ. गणिताच्या तासाला वर्गातून हसण्याचा आवाज येतो, अशी तक्रारही एकदा मुख्याध्यापकांकडं गेली होती.

त्या वर्गात अवंतिका होती. तिच्यासारखं चुकायला कुणाला जमायचं नाही. ती मनापासून चुकायची आणि मग का चुकलो ते मनापासून शोधायची. शाळेसमोरची पाण्याची टाकी किती उंच, असं बाईंनी विचारलं तेव्हा तिचा अंदाज इतका चुकला, की काठी तिच्याच हातात आली. ती मैदानाच्या मधोमध मला उभं धरून उन्हात थांबली. माझी सावली आखडत आखडत माझ्याएवढी झाली, आणि ती ओरडली, "आता! आता टाकीची सावलीबी टाकीएवढी!" मग तिनं मला सावलीवर आडवं टाकत, पलटत, टाकत टाकीची उंची मोजली. टाकीवर कुणी चढलं नाही, आणि टाकी मोजून झाली. बाईंनी त्या वेळी तिचा फोटो काढला. मला मुठीत धरून, घामाघूम, दात दाखवत हसणारी पोरगी. हा फोटो लक्षात ठेवा.

बाई निवृत्त झाल्या आणि लेकीकडं राहायला गेल्या. जाताना त्यांनी मला अवंतिकाच्या हातात दिलं. "माझ्या वर्गात सगळ्यात जास्त तू चुकलीस," त्या म्हणाल्या. "ही तुझीच."

अशी मी बाळासोंच्या घरी आले. बाळासो म्हणजे अवंतिकाचे आजोबा. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. तालीम मंडळाचे ते अध्यक्ष, आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. अवंतिकाचे आई-वडील दोघंही नोकरीवर, त्यामुळं संध्याकाळच्या वेळी घरावर आबांचं राज्य. अवंतिका आणि मागच्या गल्लीतली, तिच्याच वर्गातली मैत्रीण दीक्षा मला घेऊन सगळं घर मोजत सुटायच्या. म्हशीचं शेपूट मोजलं, गाडीचं चाक मोजलं. एकदा अवंतिका आबांच्या मिशीवर नजर रोखून बसली.

"आबा, तुमची मिशी एक वीत. अंदाज हाय. मोजू?"

"मिशीला काठी लावायची न्हाय," आबा म्हणाले. "मिशीवरनं आमची आब्रू मोजत्यात लोकं."

दर रविवारी अवंतिका मला खोबरेल तेल लावायची. माझ्या आयुष्याचा हिशेब मांडला तर जमेची बाजू इथपर्यंत आहे.

त्या वर्षी समोरच्या गल्लीतल्या एका मुलाला शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याचं डिजिटल चौकात लागलं. आमच्याकडं फ्लेक्सच्या बोर्डाला डिजिटल म्हणतात, हे बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगते. वाढदिवस असो, निवडणूक असो, नवी गाडी असो, डिजिटल लागल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कुणी धरत नाही. तर ते डिजिटल महिनाभर चौकात होतं, आणि दूध घालायला जाताना आबांना रोज त्याच्याखालून जावं लागायचं. आबा मान खाली घालून जायचे. ज्या माणसानं कधी मान खाली घातली नाही तो मान खाली घालायला लागला, की घरातल्या लहान माणसांनी जपून राहावं.

महिना संपायच्या आत आबांनी आपल्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, शिष्यवृत्तीचा क्लास सुरू केला. शिकवायला विजयसिंह सर. माणूस वाईट नव्हे. मी खोटं सांगणार नाही. घसा बसेपर्यंत शिकवायचे. पण त्यांच्या क्लासचं नाव निकालावर चालायचं, आणि सोप्यात आरामखुर्ची टाकून समोर आबा बसलेले असायचे. पहिल्याच दिवशी सरांची नजर कोपऱ्यात माझ्यावर गेली.

"काठी छान आहे," सर म्हणाले.

"आमच्या पोरीचीच हाय," आबा म्हणाले. "घ्या की वापरायला. आणि लागलं तर हाणा. काठीबी आमची, पोरगीबी आमची."

सगळे हसले. सरही हसले. अवंतिकाही जरा हसली. मला भाऊसोंचं वाक्य आठवलं.

सुरुवातीला सरांनी मला फळ्यावरचा आकडा दाखवायला घेतलं. मग कुणाचं लक्ष उडालं की टेबलावर आपटायला. मी आपटले की रांगेतले सगळे खांदे एकदम वर जायचे, आणि खाली यायला रोज थोडा जास्त वेळ लागायचा. मग उत्तर द्यायला उशीर करणाऱ्याच्या खांद्यावर सर मला नुसतं टेकवायचे. "मारत नाहीये मी," ते म्हणायचे, "नुसती ठेवलीय." माझ्या टोकाला त्या पोराचं अंग कसं आवळून यायचं, ते मलाच ठाऊक. दीक्षा दोन आठवडे येऊन क्लास सोडून गेली. "मला नुसती ठेवलेलीबी नको," असं तिनं तोंडावर सांगितलं.

परीक्षेला अजून बराच अवकाश होता, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी आबा अवंतिकाला म्हणाले, "काठी घे आणि चल चौकात. दोन खांबांच्या मधलं अंतर मोजायचं हाय. बोर्ड लावायचाय एक."

किती दिवसांनी कुणीतरी तिला मोजायला सांगितलं होतं! ती दीक्षाला घेऊन धावतच गेली. आधी दोघींनी अंदाज केले, दीक्षाचा जास्त चुकला, म्हणून दीक्षानं हात पुढं केला आणि मी तिच्याकडं गेले. चौकातली माणसं बघत होती. मी खांबापासून खांबापर्यंत आडवी होत गेले, अवंतिका वाकून प्रत्येक टोकाला खडूची खूण करत गेली. तिचं तोंड उन्हानं लाल झालं होतं. आबांनी माप फोनवरून कुणालातरी कळवलं.

आठ दिवसांनी टेम्पोतून डिजिटल आलं. आबांनी ते सोप्यात उलगडलं. मधोमध अवंतिका होती, टाकी मोजतानाची, घामाघूम, दात दाखवत हसणारी. फोटोतून मला मात्र कापून टाकलं होतं. तिची मूठ तेवढी राहिली होती, हवेत काहीतरी धरल्यासारखी. खाली लिहिलं होतं, शिष्यवृत्ती परीक्षेतील उज्ज्वल यशाबद्दल हार्दिक अभिनंदन. त्याखाली शुभेच्छुक म्हणून तालमीच्या पंधरावीस जणांचे काळे चष्मे, आणि कोपऱ्यात आबा, नातीहून दुप्पट मोठे.

दीक्षानं ते वाचलं आणि ती म्हणाली, "अवंते, परीक्षा झाली? मला बोलली न्हाईस."

"व्हायची हाय अजून," आबा म्हणाले. "निकालाच्या वेळी डिजिटलवाल्याकडं गर्दी असती. म्हणून आधीच करून घेतलं. हे बघ, इथं गोल रिकामा सोडलाय. नंबर तेवढा मागनं चिकटवायचा."

अवंतिका त्या रिकाम्या गोलाकडं बघत राहिली. मापं तिनंच घेतली होती.

मग ते डिजिटल गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं गेलं, माझ्या अगदी शेजारी. तेव्हापासून आम्ही दोघं तिथं शेजारी शेजारी उभे. अवंतिका मला घ्यायला कोपऱ्यात यायची बंद झाली. रविवारचं तेल थांबलं. संध्याकाळी सर यायचे आणि मला उचलायचे, आणि ती माझ्याकडं अशी बघायची, की जणू आमची ओळखच नाही.

आणि ती संध्याकाळ आली. सरांनी फळ्यावर टाकीचं गणित घातलं. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, टाकी केव्हा भरेल. अवंतिकाला हे येत होतं. पण समोर आबा होते, आबांच्या मागं कोपऱ्यात ती गुंडाळी होती, आणि तिची पेन्सिल हलेना.

"अगं, अंदाज तरी सांग," सर म्हणाले.

त्या शब्दानं ती फसली. कितीतरी महिन्यांनी तो शब्द तिच्या कानावर पडला होता. तिचा चेहरा मोकळा झाला. तिनं डोळे बारीक करून, पूर्वी करायची तसा अंदाज केला आणि सांगितला. तो चुकला. भलताच चुकला. आणि मित्रांनो, चुकल्याबरोबर तिनं सवयीनं हात पुढं केला.

काठी घ्यायला.

सरांना बाईंचा नियम कुठला ठाऊक? त्यांना वाटलं, पोरगी चूक मान्य करून शिक्षेला हात पुढं करतेय. त्यांनी आबांकडं बघितलं. आबांनी हो म्हणून मान हलवली.

मी सागवानाची आहे. वाकता आलं असतं तर वाकले असते. ज्या तळहातानं मला तेल चोळलं, त्यावर मी पडले. आवाज फार मोठा झाला नाही. ती रडलीही नाही. तिनं आपल्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग तो हात सावकाश पाठीमागं नेला. तो हात मग पुढं आलाच नाही.

परीक्षा झाली. पेपर देऊन ती बाहेर आली तेव्हा आबांनी विचारलं, "किती पडतील मार्क? अंदाज?"

"अंदाज न्हाय सांगत मी आता, आबा," ती म्हणाली. आबांना वाटलं, पोरगी दमलीय.

निकाल लागला आणि तिचं नाव जिल्ह्याच्या यादीत आलं. पोरगी हरली असती तर कुणीतरी विचारलं असतं, काय बिघडलं म्हणून. जिंकलेल्या पोराला ते कुणी विचारत नाही. रिकाम्या गोलात आकडा चिकटला. डिजिटल दोन खांबांत अगदी ठाकठीक बसलं, इंचभर इकडं नाही की तिकडं नाही. आज सकाळी चौकात सत्कार झाला. हलगी वाजली. सरांनी भाषणात माझंही नाव काढलं आणि मला वर उचलून दाखवलं. मग पालकांचा गराडा पडला.

"सर, आमच्या राजवर्धनला घ्या हो क्लासला."

"आणि ती काठीबी आणा. गुण त्या काठीचाच हाय."

सर आबांना म्हणाले, "बाळासो, नवी बॅच मोठी आहे. काठी मला देऊन टाका."

"न्या की उद्या सकाळी," आबा म्हणाले.

आबा आज फार खुशीत होते. त्यांना आणखी एक हौस आली. सगळ्यांसमोर त्यांनी नातीला जवळ ओढलं आणि मोठ्यानं म्हणाले, "ह्या खांबांचं माप आमच्या पोरीनंच घेतलंय. सांग गं, त्यो वरचा दिवा किती उंच आसंल? नुसता बघून सांगती बघा ही!"

अवंतिकाचे दोन्ही हात पाठीमागं गेले. ती खाली बघत राहिली. हलगीवाले थांबले होते. माणसं हसण्याच्या तयारीत थांबली होती. आबा दुसऱ्यांदा म्हणाले, "सांग की."

"ती न्हाय सांगायची, आबा," दीक्षा म्हणाली. "अंदाज चुकला की हातावर बसती."

"म्हंजे?"

"त्या दिवशी तिनं हात मार खायला पुढं केलाच नव्हता. काठी घ्यायला केलता. आमच्या बाईंचा नियम होता, चुकेल त्याच्या हातात काठी. चुकला की मोजायला मिळायचं." दीक्षानं जरा दम घेतला. "तुम्ही मान हलवली म्हणं. ती सांगत हुती मला."

आबांनी वर डिजिटलकडं बघितलं. तिथं ती हसत होती, रिकामी मूठ हवेत धरून. मग त्यांनी नातीच्या पाठीमागच्या हातांकडं बघितलं.

मित्रांनो, म्हणून मला घाई आहे. उद्या सर येतील. मी गेले तर त्या नव्या बॅचमध्ये मी कुणाच्या तळहातावर पडेन ते मला माहीत नाही, पण पडेन हे नक्की, कारण आता माझ्या नावावर निकाल जमा आहे. माझं तुमच्याकडं आणि तुमच्या घरातल्या मोठ्यांकडं एकच मागणं आहे. घरात माझ्यासारखी काठी असेल, तर तिच्यावर आकडे आखा. भिंत मोजा, ऊस मोजा, म्हशीचं शेपूट मोजा. पोराला उत्तर विचारायच्या आधी अंदाज विचारा, आणि तो चुकला की त्याच्या हातात काहीतरी द्या. गणित चुकलं तर पुसून परत करता येतं. मागं गेलेला हात पुढं आणणं फार अवघड आहे. मी आज संध्याकाळी ते बघते आहे.

आत्ताच आबा सोप्यात आले. त्यांनी मला कोपऱ्यातून उचललं, तसे अवंतिकाचे खांदे वर गेले. आबा तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. असे ते कधी बसत नाहीत. मला त्यांनी मधोमध आडवं ठेवलं, तिच्याही हाताला येईल आणि त्यांच्याही.

"तुमच्या बाईंचा नियम मला ठावं न्हवता," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "आता मी अंदाज सांगतो. ही माझी मिशी हाय का, ही दोन फूट आसंल."

तिची नजर माझ्यावरच्या लाल पट्ट्यांवर होती.

"दोन न्हवं, तीन. काठीएवढी. चुकलं आसंल तर काठी माझ्या हातात दे. पण चुकलंय हे कुणीतरी सांगाया पायजे की. मी कसा सांगू?"

अवंतिका हसली नाही. तिचे हात अजून पाठीमागंच आहेत. पण तिनं मान वर केली आहे, आणि तिचे डोळे आबांच्या मिशीच्या एका टोकापासून निघून हळूहळू दुसऱ्या टोकाकडं चालले आहेत.